गावात प्लॉट पडायला लागले की

कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीचा वाद आजही संपलेला नाही. कागदावरची हद्द कुठंही असो, शहर कधीच तिच्या बाहेर पडलंय. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव इथं उसाच्या रानात कॉलन्या उभ्या राहिल्या. हद्दवाढीला पर्याय म्हणून २०१७ मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. पश्चिमेकडं पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड या पट्ट्यात फार्महाऊस, रिसॉर्ट आणि पावसाळी सहली वाढल्यात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळगड जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून पायथ्याच्या जमिनींची विचारपूस आणखी वाढली.

नवी माणसं येणं वाईट नाही. गावाला खरा फटका बसतो तो वाढ नोंदीबाहेर झाल्यानं. घर उभं राहतं पण आकारणी होत नाही, बोअर पडते पण कुणाला माहीत नसते, ओढा बुजतो आणि ते पहिल्या मोठ्या पावसात कळतं. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि जमीन विकायचा विचार करणारा शेतकरी यांनी काय तपासायचं आणि ते कसं, ते पुढं दिलंय.

आधी एक वही

ग्रामपंचायतीकडं नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही असते. ती आणि गावनकाशा घेऊन दोघांनी गावभर फिरायचं. प्रत्येक नव्या बांधकामापुढं सात गोष्टी लिहा: गट नंबर, मालक, वापर (राहतं घर, भाड्याच्या खोल्या, फार्महाऊस, लॉज, हॉटेल), माणसं किंवा खाटा, पाणी कुठून घेतात, सांडपाणी कुठं सोडतात आणि रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो. शेवटचे तीन रकाने बहुतेक गावांत रिकामे राहतात आणि पुढची सगळी भांडणं नेमकी त्यांतूनच निघतात.

फेरी शनिवारी-रविवारी मारा. मंगळवारी बंद दिसणारं फार्महाऊस रविवारी पंचवीस माणसांचं असतं.

पाण्याचा हिशेब

जलजीवन मिशनच्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरतात. शहरातून आलेल्या कुटुंबाची सवय १३५ लिटरची असते. लॉजसाठी खाटेमागं १८० आणि खानावळीसाठी खुर्चीमागं ७० लिटर धरायची रीत आहे. आता दोन हजार वस्तीचं गाव घ्या. योजनेची गरज १,१०,००० लिटर. त्यात साठ नवी घरं आली, घरटी चार माणसं, म्हणजे ३२,४०० लिटर. तीन रिसॉर्टच्या मिळून साठ खाटा, म्हणजे १०,८००. शंभर खुर्च्यांची हॉटेलं, म्हणजे ७,०००. बेरीज ५०,२०० लिटर. वस्ती दीडपट न होताही पाण्याची मागणी जवळपास दीडपट झाली. हा ताण एप्रिल-मेच्या सुट्टीत सगळ्यात जास्त असतो आणि विहिरीचा तळ दिसतो तोही त्याच दिवसांत.

विहीर किती देते हे कुणाच्या अंदाजावर सोडू नका. एप्रिलच्या शेवटी मोजा. संध्याकाळी उपसा झाल्यावर मोटर बंद करा, काठावर खूण करून टेपनं पाण्यापर्यंतचं अंतर घ्या, आणि पहाटे मोटर चालू करायच्या आधी पुन्हा घ्या. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी दहा सेंटिमीटर चढलं तर ते साधारण २,८०० लिटर. दहा तासांत १.२ मीटर चढलं तर ३४ हजार लिटर. म्हणजे दिवसरात्रीत फार तर ८० हजार, आणि वरच्या गावाची मूळ गरजच १ लाख १० हजार आहे. अशा गावात कॉलनीला जोडणी द्यायचा ठराव करताना हा आकडा सभेपुढं हवा. पाणी वर चढत जाईल तसा झरा मंदावतो, म्हणून रोज मोटर ज्या पातळीत चालते त्याच पातळीत मोजायचं. तीन दिवस मोजून सरासरी काढा. शेजारच्या उसाला पाणी चालू असेल तर तेही लिहून ठेवा, कारण जवळच्या विहिरीचा उपसा तुमच्या झऱ्यावर दिसतो.

सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हा नियम गावाच्या हातात आहे, पण बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते. नकाशावर आपल्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा, त्यात येणाऱ्या गटांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि ती परिसरातल्या बोअरवाल्यांना लेखी द्या. नंतर पंचनामा करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं.

जोडणी देताना राहत्या घराला अर्धा इंची आणि मीटरसह द्या. लॉज-हॉटेलची जोडणी व्यावसायिक, दर वेगळा, आणि स्वतःची साठवण टाकी किमान दोन दिवसांची हवी. नळाला थेट मोटर लावली तर जोडणी तोडायचं कलम अर्जातच छापून घ्या. कॉलनीच्या उंच टोकाला पाणी पोचत नाही म्हणून लोक मोटरा लावतात, मग सखल भागातल्या जुन्या गल्लीत फक्त हवा येते. मूळ दुखणं दाबाचं असतं. उंच भागाला वेगळी टाकी किंवा वेगळी वेळ देणं हाच त्यावर उपाय. नुसत्या दंडानं ते सुटत नाही.

सांडपाणी: जांभ्यावर शोषखड्डा जपून

वापरलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. वीस खाटांचं रिसॉर्ट भरलं की रोज सुमारे २,९०० लिटर, स्वयंपाकघराचं वेगळं. ते सेप्टिक टाकीतून शोषखड्ड्यात जातं, आणि शोषखड्ड्याचं गणित सगळं जमिनीवर असतं.

पन्हाळा-शाहूवाडी-राधानगरीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, वरचा थर जांभ्याचा (तांबड्या भोकाळ दगडाचा) आहे. जांभ्याच्या भोकांतून आणि फटींतून पाणी झरझर उतरतं, गाळलं जात नाही, आणि कड्याखालच्या झऱ्यात निघतं. तोच झरा खालच्या वाडीचा पाणवठा असतो. खाली काळा कातळ लागला तर उलटं होतं: पाणी मुरतच नाही आणि जुलैत खड्डा तोंडापर्यंत भरून वाहतो.

तपासणी सोपी आहे. शोषखड्डा जिथं नियोजित आहे तिथं त्याच्या खोलीइतकं खाली जाऊन तळाशी फूटभर रुंद, फूटभर खोल खळगा काढा. रात्रभर पाण्यानं भिजत ठेवा. सकाळी पुन्हा पाणी भरून २.५ सेंटिमीटर पाणी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर शोषखड्डा चालणार नाही, दुसरी व्यवस्था मागा. एक-दोन मिनिटांत उतरलं तर खूश होऊ नका. ते पाणी फटीतून गेलंय आणि खालच्या झऱ्यात सापडेल. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर लांब असावा. जांभ्याच्या उतारावर आमच्या मते हे अंतर अपुरं आहे, पाणवठ्याच्या वरच्या अंगाला तो नकोच. बाजूला किंवा खालच्या अंगाला घ्या.

पहिल्या पावसानंतर जलसुरक्षकाकडून, म्हणजे गावाचं पाणी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, झऱ्यांचे नमुने घ्या. मागच्या वर्षी चांगला असलेला झरा यंदा दूषित निघाला तर वहीतला सांडपाण्याचा रकाना उघडायचा आणि वरच्या अंगापासून शोध सुरू करायचा. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. उपसलेला मैला टँकरवाला कुठं टाकतो, याची पावती मालकाकडं मागा. ओढा किंवा गायरान हे उत्तर चालणार नाही.

उतार, ओढा आणि पूररेषा

डोंगरउतारावर १:५ पेक्षा तीव्र चढ असेल तर बांधकाम नको, हा नियोजनातला नियम आहे. हे मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. उताराच्या दिशेनं आडवे पाच मीटर अंतर घ्या, दोन्ही टोकांना काठ्या उभ्या करा, नळीतलं पाणी दोन्हीकडं एका पातळीला आणा आणि जमिनीतला फरक मोजा. एक मीटरपेक्षा जास्त निघाला तर उतार १:५ पेक्षा तीव्र आहे. जेसीबीनं सपाट करून झाल्यावर मोजलं तर सगळं सरळच दिसणार, म्हणून जेसीबी लागायच्या आधीच मोजणी करा आणि फोटोवर तारीख ठेवा.

कापलेल्या उताराखाली बांधलेली भिंत बहुधा पाण्यानं पडते. मातीत साठलेलं पाणी बाहेर पडायला भिंतीत भोकं आणि मागं खडीचा थर नसेल तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भिंत पोटातून फुगते. भिंत फुगलेली दिसली की खालच्या घरांतली माणसं त्याच दिवशी हलवा. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गडावर गाडी जाणं थांबलं. एकाच वाटेवर उभ्या असलेल्या गावात आणखी शंभर खोल्या वाढवताना हे आठवणीत असू द्या: रुग्णवाहिका, दूध, शाळा, सगळं त्याच वाटेनं जातं.

ओढ्याचं बघा. एक एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी. रान असताना त्यातलं पुष्कळ मुरतं आणि उरलेलं सावकाश वाहतं. फरशी, पत्रा आणि डांबर आलं की जवळजवळ सगळं एकदम ओढ्यात येतं. आणि नेमक्या त्याच वेळी प्लॉटवाल्यानं दोन मीटर रुंद ओघळीच्या जागी फूटभराचा पाइप टाकलेला असतो. गावनकाशावर ओढा असेल तर त्याची रुंदी नकाशावरून काढा, जागेवर टेप लावा आणि फरक तहसीलदारांना लेखी कळवा. नकाशावर नसलेल्या ओघळी जास्त फसवतात. त्या जुन्या शेतकऱ्याला माहीत असतात. त्याला सोबत घेऊन जुलैत चालता पाऊस असताना फिरा, आणि मोबाइलवर ठिकाण टिपून नकाशावर निळ्या पेनानं काढा.

पंचगंगा, भोगावती, कासारी, कुंभी, तुळशीच्या काठच्या गावांत आधी पूररेषा बघायची. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. त्या दोन वर्षांची पाण्याची खूण जुन्या घरांच्या भिंतींवर रंगवून ठेवा. प्लॉट बघायला येणारा माणूस पूररेषेचा नकाशा मागत नाही, भिंतीवरची खूण मात्र त्याच्या डोळ्यांनी दिसते. भराव टाकून प्लॉट उंच केला म्हणजे प्रश्न मिटत नाही. तेवढं पाणी शेजारच्या रानात आणि जुन्या गावठाणात घुसतं.

प्लॉट आणि जमिनीचे कागद

घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं दोघांनीही हे बघायचं: चालू तारखेचा सातबारा, ८अ, मागचे फेरफार, गटाचा मोजणी नकाशा, नगररचनेचा झोन दाखला, बिनशेतीची नोंद आणि मंजूर रेखांकन (प्लॉट-रस्त्यांचा आराखडा). मंजूर रेखांकनातला रस्ता आणि खुली जागा जमिनीवर टेप लावून मोजा. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती विकलेली किंवा कुंपणात घेतलेली सापडणं नवं नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे तर महारेराकडं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडं, नोंदणी हवी. म्हणून काही जण एकच रान आठ-आठ प्लॉटच्या तुकड्यांत दाखवतात. शेजारच्या गटांचे मालक आणि रस्ता एकच असेल तर तो एकच प्रकल्प समजून विचारणा करा.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती हिश्शानं केलेल्या खरेदीत. एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, कुणाचा गुंठा कुठला ते नकाशात नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. २०२५ मध्ये रहिवासी भागातल्या तुकड्यांसाठी सवलतींचे निर्णय झाले. तेव्हा व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम दुय्यम निबंधक आणि तलाठ्याकडून समजून घ्या, एजंटाच्या तोंडी हमीवर थांबू नका. शेतजमीन विकत घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर म्हणजे जवळपास एक एकर रान लागतं. पाच गुंठ्यांत ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून जे विकलं जातं ते कशात बसतं, हे कागदावर मागा.

विकणाऱ्या शेतकऱ्यानं पाणंद, विहिरीतला हिस्सा आणि पाइपलाइनचा मार्ग खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्यावा. रस्त्याकडेची दहा गुंठे विकली आणि मागच्या दोन एकरांची वाटच गेली, असे दावे वर्षानुवर्षं चालतात. ऊस बाहेर काढायला ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल एवढी वाट हवी, बैलगाडीची नको. बहिणींच्या सह्या आधी घ्या. विसार घेऊन कुलमुखत्यारपत्र देणं टाळा; त्या कागदावर समोरचा माणूस तुमच्या नावानं पुढचे व्यवहार करत राहतो. घरात नोकरी नसेल आणि रान दोन एकरांच्या आत असेल तर आमचा सल्ला सरळ आहे: विकू नका, नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं द्या किंवा स्वतः चार खोल्या बांधा.

पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राधानगरी अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. त्यातली गावं आणि गट अधिसूचनेच्या यादीत असतात. ती यादी छापून ग्रामपंचायतीत टांगा.

गावाचा हक्काचा पैसा

नमुना ८ ला नोंद झाली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नाही, हे प्रत्येक उताऱ्यावर ठळक छापा. पण आकारणी सोडूही नका. घरपट्टी भांडवली मूल्यावर असते आणि व्यावसायिक वापराला जास्त भार लागतो. राहतं घर म्हणून नोंदलेलं आणि ऑनलाइन खोल्या देणारं घर वहीत सापडलं की वापर बदलून फेरआकारणी करा.

खरेदीच्या मुद्रांक शुल्कात जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार असतो आणि त्यातला निम्मा वाटा ग्रामपंचायतीचा. पंधरा लाखांचे दहा प्लॉट विकले गेले तर गावाच्या वाट्याला ७५ हजार येतात. सूची क्रमांक २ (दुय्यम निबंधकाकडची खरेदी-विक्रीची नोंद) वरून वर्षातले व्यवहार काढून बेरीज करा आणि जिल्हा परिषदेकडं लेखी मागणी लावा.

वित्त आयोगाचा निधी २०११ च्या लोकसंख्येवर येत राहिला, त्यामुळे तिप्पट झालेल्या गावांनी जुन्या आकड्यावर गटारं बांधली. जनगणना २०२७ मध्ये भाड्याच्या खोल्यांतला कामगार, कॉलनीतलं कुटुंब, वाडीतली म्हातारी, सगळे मोजले गेले पाहिजेत. वहीतली घरांची यादी प्रगणकाला द्या.

पाहुणे आले तर

जूनपासून राऊतवाडी आणि बर्कीच्या धबधब्यांकडं गर्दी, जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती, चैत्रात जोतिबाची यात्रा, मेअखेर राधानगरीत काजवे. प्रत्येक हंगामाची एक फेरी मोजा: सकाळी ७ ते संध्याकाळी ७, दर तासाला किती गाड्या आल्या आणि किती थांबल्या. जास्तीत जास्त एका वेळी किती गाड्या उभ्या असतात, तो आकडा वाहनतळाला लागतो. दिवसभराची बेरीज कचऱ्याला. वाहनतळ गावाच्या अलीकडं घ्या आणि तिथंच पावती, स्वच्छतागृह आणि कचऱ्याचे दोन डबे ठेवा. गावातल्या अरुंद वळणावर ऊसवाहतुकीची ट्रॉली आणि पाहुण्यांची गाडी समोरासमोर आली की दोन्ही अडतात, म्हणून गाळप चालू असताना रविवारी ट्रॉलींची वेळ कारखान्याशी बोलून ठरवा.

काजव्यांच्या जागी गाडीचे दिवे आणि मोबाइलचा उजेड बंद, झाडाला हात नाही. नर-मादी एकमेकांना उजेडानं ओळखतात, आपला उजेड मध्ये आला की जोडी जमत नाही आणि पुढच्या वर्षी झाड काळं राहतं.

कृषी पर्यटनाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते आणि शेतकऱ्याला किमान एक एकर रान लागतं. ग्रामसभेचा ठराव करताना रोजगार, दूध-भाजी-तांदूळ गावातून घेणं, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, कचरा परत नेणं ही कलमं आकड्यांसह लिहा. ‘स्थानिकांना प्राधान्य’ असं लिहून काही होत नाही. दहा कामगारांत सहा गावातले, असं लिहा. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे; त्या भागातल्या हॉटेलात तो ताटात दिसायला हवा.

नव्या रहिवाशांशी

कॉलनीत राहायला येणाऱ्याला पहिल्याच महिन्यात एक पान द्या: पाण्याची वेळ, कचरागाडीचा वार, घरपट्टीची तारीख, जलसुरक्षकाचा फोन, यात्रेचे दिवस, पाचट पेटवण्याचे दिवस, गोठ्यांची जागा. शेणाच्या वासाच्या तक्रारी बहुतेक न सांगितल्यामुळं येतात. प्रत्येक कॉलनीतून एक पुरुष आणि एक बाई पाणी समितीत घ्या. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. सभा कामाच्या दिवशी सकाळी ठेवली तर नोकरीवाले येत नाहीत आणि नंतर ठराव मान्य करत नाहीत. सक्तीच्या तारखा सोडून बाकीच्या सभा रविवारी घ्या.

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या औद्योगिक वसाहतींजवळच्या गावांत भाड्याच्या खोल्यांचा प्रश्न वेगळा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण आणि वीस खोल्यांमागं एक संडास, असं सापडतं. मालकाला आकारणीच्या वेळीच पाच-सहा खोल्यांमागं एक संडास आणि भाडेकरूंची नोंद पोलीस ठाण्यात देण्याची अट घाला, आणि मुलांची नावं शाळेत व अंगणवाडीत जून सुरू व्हायच्या आधी घालून द्या. ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमाराला येतात; त्यांच्या तळाला पाण्याची टाकी आणि फिरती शौचालयं कारखान्याकडून हंगाम सुरू व्हायच्या आधी लेखी मागून घ्या.